एक्केचाळीस की सदतीस

पलूस, १८ ऑक्टोबर १९९४

ती. आबांच्या चरणी जयराजचा शि. सा. न. वि. वि.

उमा आणि मी खुशाल आहोत. ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर झिजले, नवीन क्राऊन-पिनियन बसवायचंय. तुमच्या हाताखाली शिकलेल्या गुंडा मिस्त्रीनं दोन जोड दाखवले. पिनियनला दोन्हीत सहाच दात. एका क्राऊनला एक्केचाळीस, तो ओढतो पण पळत नाही. दुसऱ्याला सदतीस, तो पळतो पण ओढीला कमी पडतो. उसाचा हंगाम तोंडावर आलाय, मागं भरलेला ट्रेलर असणार. पण सदतीस बसवला तर मधेअधे ट्रेलर सोडून बेदाणा घेऊन पुण्याला जाता येईल आणि परतताना मेढ्याला मुक्काम होईल. तुम्ही वीस वर्षं पलटणीत गाड्या शिकवल्यात, तुम्हीच ठरवा. तोवर गाडी ठोकळ्यांवर उभी आहे.

तुमच्या मायेतला,
जयराज

मेढा, २१ ऑक्टोबर

चि. जयराज यास अनेक आशीर्वाद.

लग्नाला चार वर्षं झाली तरी क्राऊन कोणता हे बापाला विचारतोस, शाबास! सदतीस बसव. हल्ली पळणाऱ्या गाडीलाच विचारतात. ट्रेलर काय, जपून चालवलास की निघेल. मुक्कामाला येशील तेव्हा कळवायची गरज नाही, मी घरीच असतो. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी सवयीनं दोन भाकऱ्या थापतो. दुसरी म्हशीला जाते.

तुझी वाट बघणारा,
आबा

मेढा, २२ ऑक्टोबर

चि. जयराज यास आशीर्वाद.

काल पत्र पेटीत टाकलं आणि घास उतरेना. आज ते परत मागायला पोस्टात गेलो, तर मास्तर म्हणाले की थैली सकाळच्या एसटीनं गेली.

सदतीस बसवू नकोस. नदीकाठच्या मळीच्या रानातून भरला ट्रेलर घेऊन चढताना गाडी थांबली तर पुन्हा उचलणार नाही, उलट ट्रेलर तिला मागं खेचेल. आधी ओझं बघा, मग वेग, हे शेकडो पोरांकडून घोकून घेतलं आणि पोटच्या पोराला उलटं सांगितलं. मला गाडीचं नव्हतं पडलं, तुझ्या मुक्कामाचं पडलं होतं. घर खायला उठतं रे. म्हातारा लबाड झाला म्हण, पण रागावू नकोस.

चुकलेला,
आबा

पलूस, २७ ऑक्टोबर

ती. आबांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

तुमचं पहिलं पत्र गुंडा मिस्त्रीला वाचून दाखवलं. पाना खाली ठेवून तो म्हणाला की हे आबांचं बोलणं न्हाई. त्यानं एक्केचाळीसच बसवला, मी अडवलं नाही. दुसरं पत्र आज मिळालं.

आबा, लबाडी आधी मी केली. ओढीच्या गाडीला कोणता क्राऊन लागतो हे तुम्ही मला शाळेत असतानाच शिकवलंय. तरी विचारलं, कारण तुम्ही ये म्हणावं असं वाटत होतं. आईशिवायच्या घरात नुसतंच यायला धीर होत नव्हता, म्हणून पुण्याचं निमित्त शोधलं.

आता कारखाना बंद होईपर्यंत सुटका नाही. गुढीपाडव्याला ट्रेलर सोडून, उमाला घेऊन, हीच गाडी मेढ्याला आणतो. कराडपासून पुढं हायवेला वेळ लागेल, पण एक्केचाळीसवालीही पोचते.

माया आटू देऊ नका.
जयराज

ता. क. पाडव्याला भाकरी मिळणार नाही, हे म्हशीला आधीच सांगून ठेवा.