तपकिरी बटणांचा भाव

तीर्थरूप मामांस,

आम्हा दोघांचा नमस्कार. (माझा बसल्या जागेवरूनच गोड मानून घ्यावा, खोलीत उभं राहायला जागा नाही, ती का नाही ते पुढे येतंच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला नुकताच थांबला असेल तर त्यांना हे पत्र वाचून दाखवू नये, हसून पुन्हा सुरू होईल.

मागणी वाढली की भाव चढतो, हे तुम्ही शाळेत मला फळ्यापुढे उभं करून शिकवलंत. बाकी सगळं विसरलो, नेमकं तेवढंच राहिलं. गेल्या महिन्यात एका कोटासाठी मोठी तपकिरी बटणं शोधत चार दुकानं हिंडलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर भाव चढलेला. दुकानदार म्हणाला, "हल्ली फार विचारणा आहे." झालं, माझ्यातला तुमचा विद्यार्थी जागा झाला. नव्या शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे (तुमच्या भाचेसुनेचं जुनं मशीन दर चार टाक्यांनी रुसतं) मी बटणांत घातले. मी घेत गेलो तसा भाव चढत गेला, आणि भाव चढतोय म्हणून मी आणखी घेत गेलो. बाजारात बटण उरलं नाही तेव्हा विकायला निघालो, तर कुणी घेईना. सगळ्यांचं एकच म्हणणं, एक शिंपी सारखा विचारायचा, तो यायचा बंद झाला. (मामा, तो शिंपी मीच.) अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; माझी तर खोली भरलेली आहे.

ही बटणांच्या खोक्यावर बसून जुन्याच मशीनवर शिवत असते. त्याचंच मला फार वाईट वाटतं.

तुमचा आज्ञाधारक (म्हणूनच बुडालेला) भाचा

ता. क. : खरं काम राहिलंच. तुमच्या गावातल्या प्रत्येक दुकानात जाऊन मोठी तपकिरी बटणं आहेत का, एवढंच विचारावं. घेऊ नयेत. दोन दिवसांनी वेगळी टोपी घालून पुन्हा विचारावं. मग मी माल घेऊन येतो.

ता. क. २ : पत्र चार दिवस खिशातच राहिलं, ते बरंच झालं. आता गुडघ्याला त्रास देऊ नका. इथेच कुणीतरी दुकानोदुकान तीच बटणं विचारतंय. दुकानदारांनी बाहेरून दोन खोकी मागवलीसुद्धा. मी विकायलाच गेलो होतो, पण भाव असा चढताना पाहून राहवेना. दोन्ही खोकी उचलली.

ता. क. ३ : विचारणारी सापडली. माझा माल खपावा म्हणून हीच चार दिवस बाजारभर पायपीट करत होती. तरी पहिला ता. क. पुन्हा लागू समजावा, आणि गुडघ्याला तेल लावून निघावं.