ओज्वांगच्या झोपडीचे खांब

कामोलो,
१० एप्रिल २०१४

चि. ओज्वांग,
आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत, आणि तूही मोम्बासात बरा असशील असं धरून चालते. तुझा फोन तीन वर्षं बंद आहे, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरजवळ देते आहे. बंदराजवळच्या चर्चमध्ये तुला कुणीतरी पाहिलं होतं म्हणे, तिथं तो विचारत जाईल. वाचून झालं की उत्तर दे. लहानपणासारखा घुम्या बसू नकोस.

पाऊस वेळेवर आला. तांबडीला कालवड झाली. ओढ्याकाठच्या यागोच्या झाडाला यंदा इतकी लांब, जड फळं लागलीत की फांद्या खाली आल्यात. तुझ्या धाकट्या भावाने, ओलवेनीने, खांब तोडून आणलेत, चांगले सरळ. कशासाठी ते पुढं लिहिते.

तू गेल्यावर गावात एक परदेशी संस्था आली. ज्यांच्या घरावर गवताचं छप्पर, त्यांना तिने फोनवर पैसे पाठवले. परत द्यायचे नाहीत, कशावर खर्च केले ते सांगायचं नाही. आम्हाला वाटलं, पोरं पळवणारी टोळी असेल! पण शेजारच्या अकेयोने पत्रे चढवले आणि तिची पोरं आता पावसात कोरडी झोपतात. खोटं कशाला बोलू, मदत चांगली होती.

माझ्या घरावर तुझ्या बाबांनी घातलेले जुने पत्रे, म्हणून मला नाही मिळाली. तुझ्या भावाला मिळाली. तो अजून फाटकाजवळच्या लग्नाआधीच्या झोपडीतच राहतो. तिच्या भिंती पत्र्याचं वजन कुठं पेलणार? नवं घरच बांधायला हवं. पत्रे आले, खिळे आले, आणि सगळं माझ्या खाटेमागे रचून पडलंय. थोरल्याने अंगणात घर बांधल्याशिवाय धाकट्याने बांधायचं नाही, बांधलं तर घरात माणूस टिकत नाही, हे तुला मी काय सांगू? संस्थेला कुणी सांगितलं नव्हतं.

परवा तिची माणसं पाहणीला आली. कोण किती सुखी झालं ते मोजायला. एक गोरा साहेब आणि सोबत अवुओर नावाची पोरगी, किसुमूची, आपलीच. साहेबाने विचारलं, "पैसे प्यायले का?" ओलवेनीने त्याला माझ्या खाटेमागे नेलं आणि पत्रे दाखवले. साहेब चक्रावला. "मग बांधत का नाही?" अवुओरने समजावलं तर म्हणाला, "पण भाऊ तर इथं नाहीच!" माणूस वाईट नव्हता रे. त्याच्या गावी भाऊ भावासाठी थांबत नसतील.

मग अवुओर माझ्यापाशी बसली. म्हणाली, "आजी, दहा पायऱ्यांची एक शिडी आहे असं समजा. सगळ्यात वर तुम्हाला हवं तसं आयुष्य, सगळ्यात खाली नको तसं. आज तुम्ही कुठं उभ्या आहात?"

"आधी सांग, शिडी कुठल्या घराला टेकवलीय? इथं लेकाचं घरच उभं नाही."

ती हसली. मग हळूच म्हणाली, "आमचाही थोरला नैरोबीला आहे, आजी. फोन उचलत नाही." मी तिला मक्याच्या पिठाचं कुओन आणि ओमेना मासळी वाढली. पायरी काही मी सांगितली नाही. तिने तिच्या मनाने काय लावली कोण जाणे.

ओज्वांग, आता लिहायचं ते लिहिते. मागच्या पावसात ओलवेनीच्या झोपडीची एक भिंत बसली. त्याची पोर नेरेआ, तुझी पुतणी, तू पाहिलेली नाहीस, तिच्या छातीत तेव्हापासून घरघर आहे. ती माझ्याजवळ झोपते आणि मी तिचा श्वास ऐकत पडते. दवाखान्यातली बाई म्हणाली, ओल बंद करा, नुसत्या औषधाने भागणार नाही. सूनबाई अगोला मागच्या आठवड्यात माझ्या तोंडावर बोलली, "आई, तुमच्या थोरल्याला वेळच वेळ आहे. माझ्या पोरीला नाही." मला तिचा राग आला आणि मग माझाच आला.

त्याच संध्याकाळी तुझे ओयुगीकाका आले. खाली मान घालून बसले. म्हणाले, "वहिनी, थोरला उरला नाही तर धाकटा मोकळा होतो. पण उरला नाही असं आईने म्हणावं लागतं. आम्ही म्हणून चालत नाही."

मी त्यांना हाकलून दिलं. पुन्हा आले, पुन्हा हाकललं. काल आले तेव्हा नेरेआ माझ्या मांडीवर खोकत होती. मी हो म्हणाले.

शनिवारी तुझं दफन आहे, बाळा. देह नाही, म्हणून तुझ्या जागी यागोचं फळ पुरतील. सगळ्यात लांब फळ ओलवेनीने स्वतः निवडलं, कारण तू उंच होतास. बघ, होतास लिहून गेले. माझ्याकडे राहिलेला तुझा निळा शर्ट त्यावर घालणार आहेत. आधी तुझी झोपडी उभी राहील, ते खांब तिचेच. मग ओलवेनीचं घर, पत्र्याचं. पुढच्या खेपेला अवुओर येईल आणि तो चार पायऱ्या वर चढलेला दिसेल तिला. दिसू दे. नेरेआ कोरडी झोपेल.

पत्र शनिवारच्या आत मिळालं तर धावत ये आणि सगळ्यांसमोर मला शिव्या घाल. मी नाचेन. नंतर मिळालं तरी ये. काका म्हणतात, पुरलेल्याला फाटकातून आत घेता येत नाही. नसेल येत. माझ्या चुलीमागचं कुंपण मी माझ्या हाताने तोडून ठेवते आहे. गुरं आत शिरली तरी बुजवणार नाही. तिथून वाकून आत ये.

शनिवारनंतरही,
ओज्वांगची आई