विसरलो नव्हतो

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेला कागद मुकादमानं काल आणून दिला. गुरुवारी हलालचा दाखला देणारे मौलवी कत्तलखान्यात येणार, आणि मी त्यांच्यासमोर म्हणायचं, की त्या मेंढीवर अल्लाचं नाव घ्यायला मी विसरलो. विसरणं माफ असतं, मांस हलालच राहतं, तुझा दाखलाही वाचतो. खाली सहीची जागासुद्धा सोडलीस. मॅनेजर शोभतोस.

मी विसरलो नव्हतो. कातडी सोलणाऱ्यानं तक्रार केली ती खरी आहे. माझे ओठ हलले नाहीत, कारण मी ते हलवले नाहीत.

ती मेंढी आली तेव्हा तिचा मागचा पाय साखळीत मोडला होता. समोर चार मेंढ्यांचं रक्त वाहत होतं, ते बघत ती उलटी लटकत आली. सुरी बोथट झाली होती. धार लावायला थांबलो तर मेंढ्या टांगलेला पट्टा पुढे जातो. तो वेग तूच वाढवलास. दोन मेंढ्यांमधला पडदा तू काढलास, कारण धुवायला वेळ लागतो. पाण्याची हौदी काढलीस, कारण प्यायलेलं जनावर फरशी घाण करतं. मी बोललो तेव्हा केबिनमध्ये सगळ्यांदेखत हसलास, म्हणालास, भाईजान, मेंढ्यांना काय कळतं, आणि एवढं वाटतं तर भाजीपाला खा.

मी मांस खातो, खाणार. ज्यानं मुभा दिली त्यानंच अटी घातल्या. सुरीला धार हवी, एकीसमोर दुसरीला कापू नये, जनावराला हाल होऊ देऊ नयेत. पैगंबरांनी हे सांगितलं ते मेंढ्यांना कळावं म्हणून नाही.

लहानपणी तूच अब्बांना विचारलं होतंस, की जेवताना आपण अल्लाला रहमान, रहीम, म्हणजे दयाळू म्हणतो, मग कापताना ती दोन नावं का गाळतो? अब्बा सुरी पुसत होते. म्हणाले, तिथं दया तोंडानं म्हणायची नसते, हातानं करायची असते. तू आठ वर्षांचा होतास. पुढे कितीतरी दिवस कोंबडीला आधी पाणी पाजल्याशिवाय तू अब्बांना हात लावू देत नव्हतास. शेजारी चेष्टा करायचे, की पाहुण्यांना नाही मिळत एवढा पाहुणचार. मला त्या पोराचा राग येत नाही. राग तुझा येतो.

त्या दिवशी माझ्या हातात दया नव्हती. मग अल्लाचं नाव कुठल्या तोंडानं घेऊ? गप्प राहून कापलं. म्हणजे ती मेंढी हराम झाली, आणि तुझा शिक्का लागून लोकांच्या ताटात गेली. तो गुन्हा माझा. पट्टा थांबवायला हवा होता. मी सुरी चालवली. त्याचं उत्तर मी देईन, वर आणि खालीही.

कागद सहीशिवाय परत पाठवतोय. मागच्या बाजूला जे घडलं ते सगळं लिहिलंय, मोडक्या पायापासून माझ्या गप्प राहण्यापर्यंत, आणि त्याखाली सही केली आहे. गुरुवारी मौलवींना तो तू स्वतः वाचून दाखव. तू नाही वाचलास तर मी उभा राहून सांगेन, तेव्हा तू माझा भाऊ आहेस हे ध्यानात ठेवणार नाही. आज अजून ठेवतोय, म्हणून आधी तुला कळवलं.

तुझाच,
भाईजान