साक्षीला येण्याआधी

प्रिय भिंगरी,

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय म्हणून रागावू नकोस. घरी आलेलं पाकीट आधी तुझ्या सासूबाईंच्या हाती पडतं, हे तूच मला सांगितलं होतंस. शिक्षकांच्या खोलीत उघडू नकोस, मधल्या सुट्टीत कुठेतरी एकटी बसून वाच. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करत राहशील आणि मुद्द्यावर यायच्या आधीच मी रडेन. आपली दोघींची ही खोड जुनीच.

मी बरी आहे. माझी आईही बरी आहे, फक्त दारावरची बेल वाजली की तिच्या हातातलं काहीतरी खाली पडतं. तुझ्या दादाचं आणि माझं घोंगडं अजून भिजतच पडलंय. कोर्टाच्या तारखेला कधी त्याला ताप येतो, कधी त्याच्या वकिलाला. मध्यंतरी त्याने वकीलच बदलला. नव्या वकिलाला कागद वाचायला वेळ हवा होता. ते वाचून होतात तोवर न्यायाधीशांची बदली झाली, आणि नव्या बाईंपुढे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी सकाळपासून त्या लांबड्या व्हरांड्यात बाकावर बसते, जिना चढणाऱ्या प्रत्येक पावलाकडे कान लावून. परवा आई म्हणाली, ‘लग्न ठरलं होतं तेव्हासुद्धा तू त्याची इतकी वाट बघितली नव्हतीस गं.’ आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

आणि तो आला की आणखी पंचाईत. इस्त्रीचा शर्ट, खाली मान. ‘मॅडम, मला घटस्फोट नको, मला माझी बायको घरी हवी,’ असं इतक्या मऊ आवाजात म्हणतो की क्षणभर मलाच वाटतं, कोण बाई ही दुष्ट? मग समेटासाठी अजून एक बैठक ठरते. मागच्या बैठकीत समुपदेशक बाई पाणी आणायला बाहेर गेल्या. तेवढ्यात तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, ‘म्हातारी होईपर्यंत सोडणार नाही तुला.’ त्या परत आल्या तेव्हा तो माझ्यापुढे टिश्यूचा डबा सरकवत होता.

कामावर मात्र जीव रमतो. तेच आपलं, कानांची तपासणी आणि श्रवणयंत्रं बसवणं. एका आजोबांना यंत्र लावून दिलं, त्यांनी जरा वेळ आजींचं बोलणं ऐकलं आणि मला विचारलं, ‘आवाज थोडा कमी करता येतो का हो?’ आजींनीच मला टाळी दिली. पण मागच्या महिन्यात तुझा दादा तिथेही येऊन बसला. मी काचेच्या खोलीत एका बाईंची तपासणी करत होते. त्या खोलीत बाहेरचं दिसतं, ऐकू काही येत नाही. तो पेशंटांच्या मध्ये बसून हात हलवत बोलत होता आणि एकेक चेहरा माझ्याकडे वळत होता. मी बटणं दाबत राहिले. त्या बाईंना ऐकू आलं की नाही ते दोनदा विचारलं, एवढंच. बाहेर आले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘किती चांगले आहेत हो तुमचे मिस्टर. तुमच्या आजारपणाचं सांगत होते.’ कसलं आजारपण? तर डोक्याचं. डॉक्टरबाईंनी आत बोलावलं तेव्हा वाटलं, गेली नोकरी. त्या म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी तो आला की मला हाक मार. आजारी माणसं मीच तपासते.’

त्या दिवशी घरी जाताना मला तुझी खोली आठवली. तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतीस, मी तुमच्या घरात नवीन. त्या मुलाचं नाव इथे लिहीत नाही. तुझ्या दादाला कळलं आणि त्याने तुला खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं. तुझी आई ‘शांत होईल तो, जाऊ दे’ म्हणत घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी सुरीच्या टोकाने कडीचे स्क्रू काढले. तू आधी न्हाणीघराकडे धावलीस आणि मग माझ्या गळ्यात पडलीस. संध्याकाळी त्याने लोंबणारी कडी बघितली. कुणी काढली, हेही विचारलं नाही. माझं मनगट थंडीत अजून दुखतं. पुढे तुझं लग्न झालं. यातलं अक्षरही तुझ्या नवऱ्याला माहीत नाही, आणि ते कळलं तर त्या घरात तुझं काय होईल, ते तू मला रडत सांगितलं होतंस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्याच्या वकिलाने साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलंय. वहिनी आपणहून घर सोडून गेली, दादाने तिला कधी बोटही लावलं नाही, असं तू सांगणार आहेस म्हणे. हे तू आपल्या मनाने करत नाहीस, एवढं मला कळतं. माझ्या वकीलबाईंना मी सुरुवातीलाच सगळं सांगितलंय, वकिलाला सांगावंच लागतं. तुझं नाव वाचून त्या खूशच झाल्या. ‘त्या कुलपाचं विचारते. एका प्रश्नात साक्ष कोसळेल आणि तुम्ही लवकर मोकळ्या व्हाल.’ मी नको म्हटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘बाई, तुम्हाला सुटायचंय की नाही?’ सुटायचंय गं. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी तेवढंच डोक्यात असतं. पण तुला पुन्हा कोंडून नाही. तो प्रश्न विचारलात तर दुसरा वकील बघेन, असं सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, ‘ठीक आहे, नाही विचारत. पण मग अजून दोनेक वर्षं धरून चला.’ मी धरून चाललेय. ‘तू उलटलीस तर तुझी वहिनीच तुझं सगळं चव्हाट्यावर आणेल,’ असं तो तुला सांगत असणार. त्याच्या तोंडाला मी कुलूप घालू शकत नाही, पण माझ्या बाजूने तुझ्याबद्दल एक शब्द निघणार नाही. तेव्हा ये, आणि तुला जमेल ते बोल. खरं बोलावंसं वाटलं तर स्वतःचं काही सांगू नकोस. माझं सुजलेलं मनगट तू बघितलं होतंस, तेवढं पुरे. नाही जमलं, तरी माझी नजर चुकवून जाऊ नकोस. व्हरांड्यात येऊन शेजारी बस. वाचून झालं की हे फाडून टाक, तोंडावर पाणी मार आणि वर्गावर जा. पोरं वाट बघत असतील.

कोर्ट काहीही म्हणो, तुझीच,
वहिनी