दहा आमची, दहा आजोबांची

तीर्थरूप अक्का,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच, उरलेला मनातून). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला, की अजून त्याच खोकल्याच्या जोरावर ते घरभर हुकूम सोडतात? आमच्याकडे सगळे मजेत आहेत, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. या घरात गणिताचा बट्ट्याबोळ चाललाय आणि सगळे मजेत आहेत. तू घरातली वडीलधारी. सूनबाईला चार खडे शब्द लिही, म्हणजे माझं काम होईल. मी काही सांगितलं की ती ‘हो बाबा’ म्हणते, चहा आणून देते आणि स्वतःला हवं तेच करते. भांडायला जागाच ठेवत नाही.

तर झालं असं. मी सुतारकाम थांबवलं आणि पुढची खोली रिकामी झाली. जिथे माझं रंधा मारायचं टेबल होतं तिथे आता सूनबाईची शिकवणी भरते. चार-पाच वर्षांची पोरं, नाकं गळकी, आणि प्रत्येकाला बसायला वेगळ्या रंगाची गादी. (माझ्या हाताखालचे कारागीर भुशात बसून शिकले आणि नाव काढलं त्यांनी, पण ते जाऊ दे.) इथे आकडे शिकवतात ते बोटांवर. दोन बोटं इकडे, तीन बोटं तिकडे, आता सगळी मोजा. पाच आले की टाळ्या. अक्का, पाच आले म्हणून टाळ्या. तू मला पाढे शिकवायचीस तेव्हा तुझ्या हातात पट्टी असायची, आणि मी बोटं मोजताना दिसलो की ती त्याच बोटांवर बसायची. एकोणतीसचा पाढा मला आजही झोपेत येतो, फक्त तो म्हणताना हात आपोआप पाठीमागे जातात. याला म्हणतात शिक्षण. सूनबाईचं म्हणणं असं, की बोटं म्हणजे मुलांच्या अंगावरचीच पाटी, ती घरी विसरत नाही. विसरत नाही हे खरं, पण ती पाटी नाकात जाते त्याचं काय?

आता बोटांची अडचण अशी की ती दहाला संपतात. हे मी सुरुवातीलाच हिणवून दाखवलं. म्हटलं, अकरा आल्यावर काय चपला काढायच्या का? मी टोमणा मारून मोकळा झालो आणि तिथेच फसलो. सूनबाईने त्यावर विचार केला (तिची ही सवय मला पहिल्यापासून खटकते) आणि माझी खुर्ची स्वतःच्या मागे, मुलांकडे तोंड करून मांडली. दहा आमची, दहा आजोबांची. पोरांची बोटं संपली की माझी सुरू. मी दोन्ही हात वर धरून बसायचं आणि पोरांनी घोळक्याने येऊन माझ्या उजव्या अंगठ्यापासून एकेक बोट दाबत पुढे मोजायचं. ज्या हातांनी केलेल्या जिन्यांवरून माणसं अजून सुखरूप चढता-उतरताहेत, त्या हातांना रोज बिस्किटाचा चिकट लगदा. तोही मी सोसला.

माझी डाव्या हाताची करंगळी करवतीच्या मशीनने नेली, त्याला इतकी वर्षं झाली की घरात ते कुणाला दिसतच नाही. मलासुद्धा नाही. (दवाखान्यात तू माझ्यापेक्षा मोठ्याने रडली होतीस, तेवढं लक्षात आहे.) सूनबाईची माझ्याकडे पाठ, मी खिडकीबाहेर बघत हात वर धरून बसलेला, आणि पोरांना सांगून ठेवलेलं की दहा आजोबांची. ती बिचारी मोजत यायची, एकोणीसला पोचायची आणि आपापल्या गादीवर जाऊन बसायची. कुणाची तक्रार नाही. त्यांच्या लेखी आकडे तिथेच संपत होते.

मग पालकांना बोलावलं. सूनबाईने कौतुकाने विचारलं, दहा आमची आणि दहा आजोबांची मिळून किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, एकोणीस. तिने हसून पुन्हा विचारलं. पुन्हा एकोणीस, आणि या खेपेला जास्त ठणकावून. तेव्हा ती मागे वळली, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिने माझा हात नीट पाहिला.

पालकांत एक औषधांचा दुकानदार आहे. पाकिटात गोळ्या किती ते कंपनीच छापून देते म्हणून याची मोजदाद बरोबर येते, पण ऐट अशी की आकडे यानेच शोधून काढले. तो म्हणाला, ‘मिस्त्री, तुमच्यापायी अख्खा वर्ग एकाने मागे आहे.’ बाकीचे हसले. मीही हसलो, न हसून करतो काय. त्याची स्वतःची पोरगी तर एक आकडा बोलत नाही. मी तिला घुमी म्हणतो. येते, माझ्या डाव्या बाजूला चिकटून बसते, माझ्या करंगळीचं थोटूक मुठीत धरते आणि शिकवणी सुटेपर्यंत सोडत नाही. दुकानदाराने सगळ्यांसमोर जाहीर केलं, की महिनाअखेर पोरगी वीसपर्यंत मोजणार नसेल तर तिचं नाव इथून काढणार. ‘तिच्या मागोमाग आणखी दोघं-तिघं जातील,’ हेही वर ऐकवलं. सूनबाईचा चेहरा उतरला. लगेच मण्यांची पाटी आली आणि माझी खुर्ची हळूच खिडकीपाशी सरकली. मला म्हणाली, ‘बाबा, आता तुम्हाला आराम.’ सुटलो, असं मी म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो. आणि मग दिवसभर मला राग येत राहिला, अक्का, आणि कुणाचा ते कळेना.

शेवटी सागवानाचा एक तुकडा उरला होता, त्यातून करंगळी कोरली. पेरं, नख, वर पॉलिश, आणि आतून पोकळ, थोटकावर घट्ट बसेल अशी. (सूनबाईची अब्रू राखायला नव्हे. लाकूड वाया जात होतं.) दुसऱ्या दिवशी ती चढवून मी खुर्ची स्वतःच उचलून जागेवर नेली. पोरांनी मोजलं, वीस भरले, आणि मी त्या मण्यांच्या पाटीकडे एक नजर टाकली. तेवढ्यात घुमीने सवयीने मूठ आवळली आणि तिच्या हाताला लाकूड लागलं. मी तिला फसवलंय अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. मग ते बोट खेचून काढलं, मांडीवर ठेवलं, थोटूक पुन्हा मुठीत धरलं आणि म्हणाली, ‘वीस होते. एक खोटं होतं. एकोणीस.’

सूनबाईच्या हातातला खडू खाली पडला. माझ्या डोळ्यात भुसा गेला. (त्या खोलीत आता भुसा नसतो, पण गेला.)

तेव्हापासून वर्गात नुसता धिंगाणा आहे. प्रत्येकाला माझं बोट उपटायचंय. घाला, वीस. काढा, एकोणीस. रांग लावतात, ढकलाढकली करतात, एकाने तर ते चावून पाहिलं. सूनबाई याला वजाबाकी म्हणते. ज्या गणितात आजोबांचा अवयव काढून हातोहात फिरवतात त्याला मी गणित म्हणणार नाही. तेव्हा तू तिला लिही, की बोटं बंद आणि पाढे सुरू. पट्टीचा उल्लेख केलास तरी माझी हरकत नाही.

दाजींना नमस्कार, आणि गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : महिनाअखेर दुकानदार येऊन दारात उभा राहिला. घुमीने एकोणीसपर्यंत मोजलं, थांबली, माझ्या खिशातून लाकडी करंगळी काढून जागेवर बसवली आणि मग वीस म्हणाली. तो म्हणाला, ‘आणि एकवीस?’ माणूस तसाच आहे. पण पोरीचं नाव काढलं नाही त्याने.

आणखी एक : वर सांगितलेलं खरमरीत पत्र लिहू नकोस. सूनबाईला वाईट वाटेल, आणि तिला वाईट वाटलं की माझी खुर्ची खिडकीपाशी जाते. त्यापेक्षा तूच ये. आमचं एकवीसवर अडलंय आणि तुझी दहाच्या दहा शाबूत आहेत. दाजींना खोकल्यासकट आणलंस तर चाळीसपर्यंत जाता येईल. दोन खुर्च्या करून ठेवल्या आहेत. पट्टी आणू नकोस.

शेवटचं : माझी मोठी बहीण येणार आहे असं घुमीला सांगितलं. तिने खूप विचार केला, माझ्या थोटकाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘तिला अकरा आहेत का?’ म्हटलं, लहानपणी पट्टी खाताना मला तरी तसंच वाटायचं. तेव्हा तू आलीस की ती आधी तुझी बोटं मोजणार. या वेळी हात तू पुढे कर.