गुडघा, पाट आणि लडकूचा फेटा

चि. संजना हीस पदूमामाचे पोटभर आशीर्वाद. तुझी आई, तुझी नोकरी आणि पुण्याची हवा, तिघीही बऱ्या असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत (निदान मी तरी, बाकीचं खाली येईल). मामाने फोन सोडून कागद का धरला असं तुला वाटेल. आमच्या घरात फोन तुझ्या मामीच्या ताब्यात असतो आणि मी बोलायला लागलो की ती स्पीकर लावते, म्हणून.

आधी तुझे उपकार मानतो. आमच्या विनिताचं लग्न ठरलं तेव्हा माझा उजवा गुडघा दुमडायचं नाव घेत नव्हता, हे तू साखरपुड्यात पाहिलंसच. सगळे पंगतीला आणि मी एकटा खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. डॉक्टर म्हणाले झीज आहे, गोळ्या घ्या, तूर्त खाली बसू नका. आता कन्यादानाला पाटावर नाही तर काय बाकावर बसायचं? बापाला जमत नसेल तर चुलता-चुलती बसतात आणि चुलता म्हणजे आमचा धाकटा लडकू. तो तोंडाने "तूच बसशील रं दादा" म्हणत म्हणत खोपोलीतून फेटा घेऊन आला. (गुलाबी. विचारलं तर म्हणे स्वस्तात मिळाला.) माझ्या पोरीचा हात दुसऱ्याने द्यायचा, या विचाराने मला जेवण जाईना.

अशा वेळी तू कर्जतच्या चारुलताबाईंचा पत्ता दिलास. योगोपचार म्हटल्यावर मी टीव्हीवरचं सगळं आठवलं आणि डोक्यावर उभं राहावं लागणार म्हणून घरची उशी बरोबर घेतली. (लडकूनेच टेंपोतून नेलं. वैरी असा प्रेमळ असला की फार पंचाईत होते.) बाईंनी उशीकडे पाहिलंही नाही. मला नुसतं चालायला लावलं आणि माथेरानला घोडा पारखतात तशा मागून बघत राहिल्या. मग प्रश्न. झोप लागते का, कुठल्या कुशीवर, बाइकला किक कुठल्या पायाने मारता, शेतात किती वेळ वाकता, राग आला की श्वास कुठे अडकतो. लडकू शेजारीच होता, म्हणून शेवटचं उत्तर खोटं दिलं. आणि एवढं विचारून दिलं काय, तर स्टुलावर बसून पाय हळूहळू सरळ करायचा, भिंतीला धरून टाचा उचलायच्या आणि बुडाखाली चादरीच्या जाड घड्या घेऊन, लांब श्वास सोडत, जेवढं जमेल तेवढं बसायचं. दुखायच्या आत थांबायचं. मी खट्टू झालो. यासाठी का कर्जतपर्यंत जायचं? पण गणपती झाल्यावर बसायला लागलो तो चादरीची एकेक घडी कमी होत गेली आणि दिवाळीचा फराळ मी जमिनीवर बसून केला. तुझ्या मामीने मला आणखी एक करंजी वाढली.

आता आपल्याकडे एकाला लागू पडलेली गोळी वाडीभर वाटायची सवय. टेंपो चालवून चालवून लडकूची कंबर आखडलेली. बाईंनी मला पुढे वाकायचा एक प्रकार नवीन दिला होता, तो मी मोठ्या मनाने त्याला शिकवला. (खरंच मोठ्या मनाने. तू तरी विश्वास ठेव.) तो वाकला आणि तसाच राहिला. लग्न तोंडावर, चुलता आडवा, आणि वाडीत एकच बोलणं, पदूने भावाचा काटा काढला. बाईंनी तर मला उभं-आडवं झापलं. म्हणाल्या, तुमचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवता का? त्यांची कंबर वेगळी, टेंपोतली बैठक वेगळी, दुखणं वेगळं, मग उपचार तुमचा कसा चालेल? आधी त्याला डॉक्टरांकडे धाडलं, मग त्याचं त्याला वेगळं दिलं. पाठ टेकून, गुडघे वर घेऊन नुसता श्वास, आणि टेंपो मधेमधे थांबवून चार पावलं चालायचं, वाकायचं अजिबात नाही. लग्नाला लडकू ताठ उभा होता, गुलाबी फेट्यासकट.

आणि मी पाटावर बसलो, शेवटपर्यंत, चादरीशिवाय. विनिताचा हात मीच दिला. भटजींनी उठा म्हटलं तरी मी उठलो नाही. लडकूला वाटलं गुडघा अडकला, तो धावत आला. संजना, गुडघ्याला काही झालं नव्हतं. उठलो की पोर गेली, एवढंच होतं. त्याला ते कळलं असावं, कारण हात द्यायचा सोडून तो माझ्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "बस रं दादा, घाई नाय." तुझे आणि बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तुझा,
पदूमामा (मांडी घालून)

ता. क. माझे व्यायाम तुझ्या आईला सांगू नकोस. ते माझे आहेत.

पुन्हा ता. क. पत्राचं खरं कारण हे. विनिता गेल्यापासून तुझी मामी झोपत नाही. झाडलेली खोली पुन्हा झाडते आणि खांदा धरून बसून राहते. बाईंकडे चल म्हटलं की म्हणते, "मला काय धाड भरलीय?" मला तिची काळजी वाटते. स्वतःसाठी ती उंबरा ओलांडणार नाही, दुसऱ्यासाठी कुठेही जाईल. म्हणून मी तिला सांगून टाकलंय की तुझा गुडघा गेलाय आणि कर्जतला तुला सोबत हवी. (दुखणं मामाकडून आलंय म्हटल्यावर तिला लगेच पटलं. परवापासून तुझ्यासाठी डिंकाचे लाडू वळतेय.) बाईंना सगळं ठाऊक आहे, त्या तुला थोडं आणि तिला जास्त विचारतील. शनिवारी ये. लडकू टेंपो घेऊन येईल, पण त्याच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा शिळफाट्याला उतरलीस की लगेच लंगडायला लाग.