भोक न पाडलेलं पिंप

रुस्ताक
सोमवार, १४ एप्रिल २०२५

चि. सौ. देविका,

दादाचे अनेक आशीर्वाद. आशुतोषराव बरे आहेत ना? उर्वी आता मराठीत बोलते, की अजून ‘मामा, लिसन’च चालू आहे? हे पत्र घेऊन आमचा ड्रायव्हर जहूर येईल. वाचून होईपर्यंत त्याला थांबवून ठेव.

घरामागे शेल गॅसची नवी विहीर खणायला घेतली तेव्हापासून तुझ्या सुरेखावहिनीने घराचा किल्ला केलाय. खिडक्यांच्या फटींना टेप, दारात ओलं गोणपाट, यशश्रीला अंगणात जायची बंदी. मी त्याच कंपनीचा स्टोअरकीपर, त्यामुळे बोलणी मलाच. "तुमच्या विहिरीने पोरीला काही झालं तर बघा!" मी हसायचो.

पोरीला झालं, देविका. महिनाभर उलट्या, हातांवर चट्टे. यकृताला सूज आहे म्हणाले. डॉक्टरांनी घरचं पाणी तपासायला लावलं. नळाचं स्वच्छ, टँकरचंही स्वच्छ. मग सुरेखाने स्वयंपाकघरातल्या निळ्या पिंपातलं दिलं. काल रिपोर्ट आला. गॅस काढायला विहिरीत सोडतात ते केमिकल त्यात निघालं. ते विहिरीतून आलेलं नाही. मीच घरात आणलंय.

आमच्याकडे केमिकलचं रिकामं पिंप भोक पाडूनच भंगारात जातं, कुणी पाण्याला वापरू नये म्हणून. भोक पाडायचं काम माझं. दिवाळीआधी दोन पिंपं अशी नवीकोरी निघाली की भोक पाडणं जिवावर आलं. आखातात येण्याआधी गावी असं एक पिंप मिळावं म्हणून आई किती जणांना सांगून ठेवायची, आठवतं? सोडा घालून तीनदा धुतली, उन्हात वाळवली. लेबलं नखांनी खरवडून काढली. वाचता येत होतं मला त्यांवर काय लिहिलंय ते.

एक घरी ठेवलं. टँकर आला नाही की तुझे हाल होतात, म्हणून दुसरं भाऊबीजेला तुमच्याकडे खाबुऱ्याला घेऊन आलो. तू किती खूश झालीस.

सकाळी फोन केला तो यासाठीच. पण म्हटलं काय, तर पिंपाला चीर असेल, रिकामं कर. तू हसलीस. "चीर कसली रे दादा? पाणी मस्त गार राहतं. उर्वीची शाळेची बाटली त्यातूनच भरते." फोन ठेवला आणि आशुतोषरावांना मेसेज केला, ते पाणी कुणीही पिऊ नका. कारण लिहायचा धीर झाला नाही.

आता कारण कळलं. पिंप जहूरकडे दे. उर्वीला आजच डॉक्टरकडे ने. सोबत रिपोर्टची प्रत आहे, ती त्यांना दाखव. माझं नाव खुशाल सांग.

सुरेखाला काल सगळं सांगितलं. ती उठली आणि खिडक्यांच्या टेप काढत बसली. आज आमच्या पिंपाला मी सळई तापवून भोक पाडलं. पाच महिने उशिरा.

स्टोअरच्या रजिस्टरात दोन्ही पिंपांपुढे ‘भोक पाडले’ असं माझ्याच अक्षरात आहे, खाली माझी सही. उद्या साहेबांपुढे ते पान उघडणार आहे. ती सही खोटी होती. ही खरी आहे.

तुझा दादा
उल्हास